पंचिंगचा बर्फ

डिसेंबर लागला की मी चिडचिडी होते.
ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे,
कारण कुणी विचारत नाही.
नेरुळला शाळेच्या हॉलमध्ये नाताळचा बॅले असतो
आणि अकरा वर्षं मी तो पाहतेय,
तिसरी रांग, कडेची खुर्ची,
दोन्ही दिवस, दोन्ही खेळ.

यंदाची राणी पुण्याहून बोलावली होती.
पाय सुरेख. हात मात्र
दोरीवर वाळत घातल्यासारखे.
गिरक्या मी मोजल्या. बारा स्वच्छ,
तेरावीला डगमगली
आणि हसली.
हसायचं नाही, बाई.
डगमगणं कुणी पाहिलं नव्हतं,
हसून तू दाखवलंस.

छोट्या उंदरांबद्दल मी काही बोलणार नाही.
त्यांच्या आया पुढच्याच रांगेत होत्या,
मोबाइल उंचावून.
अख्खा पहिला अंक मी
कुणाच्या तरी स्क्रीनमध्ये पाहिला, तळहाताएवढा.

आणि टाळ्या! उडी संपायच्या आत वाजवतात.
वर जाणं काय, कुणीही जातं.
खाली येण्यातच सगळं असतं
आणि नेमकं तेच टाळ्यांत बुडतं.
म्हणून दिवाळ्याचा प्रणित भोईर उडाला
की मी हात मांडीखाली दाबून बसते.
एकोणीस वर्षांचा. बापाची होडी आहे.
पोरगा खाली उतरतो तो
एका होडीतून दुसरीत पाय टाकावा तसा:
आधी फळीला विचारतो,
मग वजन देतो.
ऑलिंडा मिस म्हणतात, हे मी नाही शिकवलं.

आता बर्फ.
पूर्वी थर्माकोलचा असायचा.
लग्नातल्या अक्षतांसारखा एकदम पडायचा, मूठभर, आणि संपला.
त्यावरूनच निवेदिता कुरुप घसरली.
घोटा गेला. पुढच्या वर्षी दहावी,
आणि दहावी आली की इथल्या मुली बॅले सोडतात.
माझ्या मते या शहरातली सगळ्यात चांगली नाचणारी
आज सानपाड्याला दातांचा दवाखाना चालवते.
मी तिथे जाते. दात बरे आहेत माझे.

दुसऱ्याच दिवशी मिसना म्हटलं, बर्फ मी देते.

मी बेलापूरला जमिनीच्या फायली सांभाळते.
पंचिंग मशीनच्या पोटात टिकल्या साठतात,
एका कागदाला दोन,
अर्जाच्या, स्मरणपत्राच्या, स्मरणपत्राच्या स्मरणपत्राच्या.
वर्षभर श्रीखंडाच्या डब्यांत भरून ठेवते.
दळवी आधी हसायचे,
आता मुकाट्याने पुडी टेबलावर ठेवून जातात.
मार्चअखेरीला पीक चांगलं येतं.

हा बर्फ पडतो कसा सांगू?
पडायचं की नाही ते ठरवत ठरवत.
दिव्याखाली क्षणभर अडतो, वळतो,
कुणाच्या तरी खांद्यावर बसतो.
घसरवत नाही. या बाबतीत माझं मत पक्कं आहे
आणि मी ते बदलणार नाही.

एक गोष्ट मिसना सांगितलेली नाही.
त्यातली एक फाईल भोईरांची आहे.
आजोबांचं मिठागर, साडेबारा टक्के,
एका वारसाची सही कमी, मग एका दाखल्याची मुदत संपलेली,
मग साहेब बदलले.
प्रणित पहिलीत होता तेव्हापासून ती माझ्या कपाटात आहे
आणि जाडच होत चाललीय.
दरवर्षी मीच तिला दोन-चार भोकं पाडते.
माझ्या हातात तेवढंच आहे.

रविवारी शेवटच्या खेळाला
तो मधोमध गुडघ्यावर बसला होता,
वरून पांढरं भुरभुरत होतं,
केसांत, भुवयांवर, उघड्या तळहातावर.
कुठली टिकली कुठल्या कागदाची
हे मलाही सांगता आलं नसतं.
मागून एक बाई म्हणाली, अगदी मिठासारखं दिसतंय.
मी वळून पाहिलं नाही.

टाळ्या मात्र मी या वेळी सगळ्यांआधी वाजवल्या.
चुकलंच.

शेवटचा नमस्कार त्यानं घाईत उरकला,
मान नीट खाली गेली नाही.
तेवढं पुढच्या वर्षी सुधारायला हवं.