चवीपुरतं

दर शुक्रवारी पुरवणीत लिहिते:
वडाभात, माणसं चार,
मीठ चवीपुरतं.

चार माणसांचं मी एकटी खाऊ शकते.
पहिल्याच पंगतीत सासू ताटाकडे पाहून बोलली,
"लय भूक हाय बाप्पा पोरीले."
तेव्हापासून चुलीपाशी,
उभ्यानं, खरवड.

भिवापुरी मिरच्यांची देठं खुडली त्या रात्री
गुणवंत म्हणाला, हात नोको लावू वं, आग होते.
ताकानं धुतले. तेल चोळलं.
तरी लावलाच.
हाय हाय करत हसला,
मग उठून बसला: भूक लागली.

गार भात, वडे कुस्करून,
वरून कडकडीत फोडणी,
अंधारात एकच ताट.
मी मांडी घालून जेवले,
दोनदा घेतलं.

शुक्रवारी खाली एक टीप दिली:
मिरची खुडल्यावर हात ताकानं धुवावेत.
तरी जळतात.