नको ते खोडा

अर्ज शुक्रवारच्या आगबोटीने आला,
रॉकेलच्या डब्यांशेजारी प्रवास करून, एक कोपरा तेलकट.
मी तो शिवणयंत्राच्या फळीवर पसरला
आणि वर कात्री ठेवली;
गोरखचिंचेखाली सरोवरावरचा वारा थेट येतो.

मुलाचे नाव. लुम्बानी.
वय. अकरा.
वडिलांचा व्यवसाय.
इथे पेन थांबलं.
त्याचं शेवटचं पत्र जोहान्सबर्गहून, तीन वर्षांपूर्वीचं.
त्यात पैसे नव्हते, हवामान होतं.
मी लिहिलं: खाण.
व्यवसाय म्हणून वाचा,
नाहीतर पत्ता म्हणून.

छातीचं माप मला टेप न लावता ठाऊक.
लिकोमा बेटावरच्या निम्म्या पोरांचे गणवेश माझ्या हातचे;
कुणाचा खांदा उतरता, कुणाचा बाप उधारीचा,
सगळं दोऱ्याच्या टोकाला बांधलेलं.
पण बुटाचं माप?
त्याला जुन्या वर्तमानपत्रावर उभं केलं,
पेन्सिल फिरवली पावलाभोवती,
तर हसत सुटला, गुदगुल्या होतात म्हणाला.

गोवर झाला होता का. झाला.
पोहता येतं का. हे काय विचारणं झालं!
आणि मग प्रश्न क्रमांक चौदा:
मुलगा झोपेत अंथरूण ओलं करतो का?
होय / नाही.
नको ते खोडा.

पहाटे, कोंबड्याच्याही आधी,
तो चटई खांद्यावर टाकून काठावर जातो,
घासतो, पिळतो,
आणि जिथे उसिपा वाळत घालतात
त्या बांबूच्या मांडवावर, पार टोकाला, पसरून येतो.
माशांच्या वासात एक वास कमी-जास्त,
कुणाला कळत नाही. किंवा कळतं.
तामांडा त्याच चटईवर झोपते.
सात वर्षांची पोर, भिजलेली उठते,
झगा बदलते, चूल फुंकायला बसते,
एका शब्दाने बोलत नाही.

मी 'होय' खोडलं.
एकदा नाही, दोनदा,
इतकं दाबून की मागच्या पानावर वळ उठला.
झाकली मूठ.

शेवटचं पान त्याचं होतं.
स्वतःच्या अक्षरात लिही, तुला या शाळेत का यायचं आहे.
कुणाचीशी कॉलर उलटवत होते मी.
तो कोपराआड वही लपवतात तसा
अर्ज लपवून लिहीत राहिला,
पानं पुढे-मागे उलटत,
आणि पाकीट त्यानेच चाटून चिकटवलं.

त्यानंतर बोट दोनदा आली, हात हलवत.
तिसऱ्यांदा आलीच नाही, इंजिन बिघडलं होतं.
जीव टांगणीला म्हणतात;
माझा सुईच्या नेढ्यात होता.

मग पत्र.
टंकलेली यादी:
पत्र्याची पेटी एक. कुलूप एक, किल्ल्या दोन.
ब्लँकेट दोन. बादली. पांढरे मोजे.
आणि सगळ्यांत खाली, निळ्या शाईत,
कुणा मेट्रनबाईंच्या बारीक, उतरत्या अक्षरात:
रबरी चादर आणू नये. इथे पुष्कळ आहेत.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं.
मग त्याच्याकडे पाहिलं.
"चौदाव्याचं उत्तर चुकलं होतं," तो म्हणाला,
"मी दुरुस्त केलं."
आणि शाळेत का यायचंय, तिथे काय लिहिलंस?
ते त्याने सांगितलं नाही. आजतागायत नाही.

पुष्कळ.
म्हणजे तिकडे पठारावर, थंडीत,
एक लांब तार असणार,
ओळीने चादरी फडफडत असणार,
आणि मुलूखभर कितीतरी आया
कात्रीखाली दाबलेल्या कागदावर
होय खोडत बसलेल्या.

तामांडाने पेटीचं कुलूप लावून पाहिलं, उघडून पाहिलं.
"मग आता मी," ती म्हणाली,
"चटईच्या मधोमध झोपणार."
लुम्बानी म्हणाला, झोप की.
पण त्या रात्री, ती झोपल्यावर,
तो हळूच सरकून
थेट उघड्या जमिनीवर जाऊन निजला.