दुधाचे दात

लिफाफ्यावर निळ्या शाईत:
ग्लेनरॉय, वय सात, खालचा पुढचा दात.
आणि कडेला, दुसऱ्या पेनानं, घाईघाईत:
काम झालं की परत करा.
उशीखाली ठेवायचाय, परी येणार आहे.

परत कसा करणार?
आधी खलात बारीक कुटायचा,
मग आम्लात विरघळवायचा,
मग ते पाणी ज्योतीत फवारायचं.
सुई कागदावर रेघ ओढते.
रेघ जेवढी उंच, तेवढं शिसं.

बर्मिंगहॅम, साल एकोणऐंशी.
ग्रॅव्हेली हिलला, फणीतून निघालेल्या गुंतवळासारखे
रस्त्यांवर रस्ते, त्यांवर आणखी रस्ते,
आणि खांबांच्या पायाशी शाळा.
मॉरीन रोज खिडक्या पुसते.
दुपारी बोट फिरवावं तर पुन्हा काजळ.
दृष्ट लागू नये म्हणून लावतात
त्यातलं नव्हे हे.

पहिलीत मी शिसपेन्सिल तोंडात धरली
की गुरुजी छडी उगारत: विष आहे ते, शिसं!
पुढे कॉलेजात कळलं,
पेन्सिलीत शिसं नसतंच,
नाव उगाच चिकटलंय बिचारीला.
इथे उलटं.
जिथे खरोखर आहे
तिथे नावात नुसते तारे: फोर स्टार.
इंजिनानं ठोकू नये,
चढावर त्याला धाप लागू नये,
म्हणून घातलेलं औषध.

माझे आजोबा देवळाबाहेर
चपला हातात घेऊन उभे राहत.
सांगत, पोथी कानावर पडली
तर तापलेलं शिसं ओतायचे म्हणे आपल्या कानात.
हसत सांगत. मला हसू यायचं नाही.
इथे कुणी कुणाचा कान धरला नाही.
इथे ते थंड होतं, बारीक होतं,
श्वासाच्या वाटेनं आपणहून आलं,
ज्या घरांचं भाडं कमी
त्या घरांत आधी.

आणि मी?
माझी कॉर्टिना, मोहरीच्या रंगाची.
शनिवारी टाकी फुल्ल,
त्याच खांबांवरून, काच वर करून,
बायकोला म्हणायचो, बघ, कशी लोण्यासारखी चालते.

नाव खोडून आम्ही आकडा घातला: एकशे बेचाळीस.
त्याची रेघ चढत गेली
आणि कागदाच्या वरच्या कडेला जाऊन थटली.
मिस पार्गेटर चष्मा काढून म्हणाल्या,
चूक असेल, पुन्हा करून बघा.
पुन्हा करायला दात कुठे होता?

आता पंपावर हिरवी नळी आहे.
ग्लेनरॉय पन्नाशीपार असेल.
हाडं धरून ठेवतात म्हणे,
म्हातारपणी थोडं थोडं रक्तात सोडतात,
त्याचीही, माझीही.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी लिफाफ्यात दहा पेन्सचं नाणं टाकलं,
परीच्या वतीनं.
टाकण्याआधी
तेही तपासून घेतलं.