पट्ट्याखालची फळी

शिरपूरची ती जिम बंद पडली तेव्हा
नऊ हजारांत उचलली ही ट्रेडमिल.
छोट्या हत्तीतून आणली, चौघांनी जिन्यावरून चढवली.
साखर तीनशेवर,
आणि मे महिन्यात सकाळी आठलाच
करवंद नाक्याचं डांबर मऊ.
म्हणून घरातच चाललो.
पंख्याखाली, भिंतीकडे तोंड करून.

यंदा होळीनंतर पट्टा अडखळायला लागला.
पाय टाकला की थबकायचा
आडमुठ्या गोऱ्ह्यासारखा,
मोटारीतून जळका वास.
आठ स्क्रू काढले, फळी बाहेर ओढली.
मधोमध दोन लांबट खळगे,
काळा थर उडून आतला भुसा वर आलेला.
डावा खळगा जास्त खोल.
मी तर उजव्या पायावर जोर देतो.

कोणी तरी म्हणालं होतं, पलटून टाका,
दुसरी बाजू कोरी असते.
पलटली.
तिथंही दोन खळगे,
आणि कडेला पेन्सिलीनं: पलटी मारली, ७ मार्च.
नाव नाही, साल नाही.

कंपनीची फळी अकरा हजार, वर पुण्याहून भाडं.
सुपडू मिस्तरी म्हणाला, अठरा एमएमचा प्लाय घ्या,
सनमायका मारू. दोन्ही अंगांनी,
नाही तर वळेल पापडासारखी.
कोकिळाच्या ओट्याखालच्या कपाटांचा
तुकडा उरला होता, पांढऱ्यावर निळी फुलं.
रात्रभर वर गव्हाची दोन पोती ठेवली.

भोकं पाडता पाडता त्यानं विचारलं,
"इतला चाली चालीसन कथा पोचनात, भाऊ?"
मी आकडा दाखवला: सहा हजार एकशे अठरा किलोमीटर.
त्यात माझे किती, जिमचे किती,
मशीन सांगत नाही.
ओठ हलवत त्यानं हिशेब केला.
"मंग तं लंकाबी मांगे राह्यनी."
कानामागची पेन्सिल पुढं केली, तारीख टाका.
टाकली.
साल राहिलं, हे फळी आत गेल्यावर लक्षात आलं.

मिलिमीटरभर जाडच झाली.
मागच्या रुळाचे बोल्ट दोन आटे सैल केले,
सिलिकॉनचं तेल सोडलं.
निळी फुलं पट्ट्याखाली गेली.
आता आवाज वेगळा येतो, पोकळ,
शेजारच्या खोलीत कोणी चालतंय असा.

जुनी फळी गच्चीवर आहे.
कोकिळानं फडकं अंथरून तिच्यावर बिबडे घातले.
दुपारपर्यंत सगळे कडक झाले,
खळग्यांवरचे दोन सोडून.
ते तिनं उद्याच्या उन्हाला ठेवले.