आहे आणि जवळ आहे

डुलूथला नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार पडतो.
सहाच्या वर्गाला ते येतात,
बुटांचा बर्फ दारात आपटून,
आणि चौदा जणांची चौदा जुनी कामं
कोटांबरोबर खुंट्यांना टांगून ठेवतात.
माहितीपत्रकात तसंच लिहिलंय:
कोणत्याही शाखेचा पदवीधर. पूर्वज्ञान नको.

मी शिकवत नाही. शिकवतात हाल्वोर्सनबाई.
मी मागे उभा असतो,
कुणाचा अर्धविराम कुठे सांडला ते शोधत,
सव्वीस वर्षांचा, खोलीतला सगळ्यांत धाकटा.

आज वारसा.
बाईंनी फळ्यावर चौकोन काढला: ग्राहक.
त्याखाली दुसरा: रुग्ण.
खालून वर बाण.
‘रुग्ण हा ग्राहकच आहे,
म्हणून ग्राहकाचं सगळं त्याला आपोआप मिळतं:
नाव, पत्ता, थकबाकी.’

होदान गुलेदचा हात वर.
नैरोबीत अकरा वर्षं तिनं औषधं दिलीत.
‘खोकतं पोर, पैसे मोजतो मामा.
तुमच्या बाणात मामा कुठे?’
कुणीतरी हसलं. ती हसली नाही.
‘थकबाकी पोराच्या गळ्यात बांधू नका.’

बाईंनी बाण पुसला, तळहाताच्या कडेनंच.
निळा फराटा उरला. त्यावरच लिहिलं:
आधी विचारा, ‘आहे’ की ‘जवळ आहे’?
गाडी म्हणजे इंजिन नव्हे, गाडीजवळ इंजिन आहे.
जवळ असलेलं बदलता येतं.

शेवटच्या रांगेत आयली कांगास, एक्कावन्न.
इतिहासाची पदवी, जी कधी कुणी मागितली नाही,
मग कागद गिरणीत बावीस वर्षं,
त्यातली नऊ चार नंबरच्या मशीनवर पाळीप्रमुख.
गृहपाठात तिनं वर्ग लिहिला होता: कामगार.
त्यातून उतरलेला: गिरणीकामगार.
त्यातून: चारनंबरवाली.
आणि सगळ्यांत खाली एकुलती एक वस्तू, आयली.
मी शेरा मारला होता:
वारसा फार खोल. टाळावा.

‘माझ्या बापाच्या फिनिशमध्ये,’ ती म्हणाली,
‘दोन क्रियापदंच नाहीत.
माणूस आहे. माणसाकडे कुऱ्हाड आहे.
शब्द तोच.
इंग्रजीत बरंय, सोडवून ठेवता येतं.’
मी काहीतरी बोललो. पुढे बदल सोपे जातात, वगैरे.
बोलता बोलताच ऐकू आलं मला काय बोलतोय ते.

तिनं तिन्ही पायऱ्या खोडल्या.
एकच वर्ग ठेवला, माणूस,
आणि आत एक जागा: काम.
जागेत घालायला काही नव्हतं, म्हणून मोकळी सोडली.
चालवलं.
एकतिसाव्या ओळीवर सगळं कोसळलं, लाल:
रिकाम्या संदर्भाला प्रश्न विचारला.
‘विचारतातच,’ आयली म्हणाली. ‘बँकेत, दवाखान्यात, नाताळच्या जेवणात.’

मी म्हणालो, प्रत्येक ठिकाणी आधी तपासा,
काम आहे का, मगच विचारा.
होदाननं खुर्ची सरकवली. ‘प्रत्येक ठिकाणी? दमेल ती.
जागा मोकळी ठेवूच नका.
अजूननाही नावाचा एक वर्ग लिहा.
विचारलं, की त्यानं उत्तर द्यायचं.’

दोघींनी मिळून लिहिला.
पगार? शून्य.
पाळी? कुठलीच नाही.
पदनाम? इथे आयली बराच वेळ थांबली,
नखानं स्पेसबार खरवडत.
मग अवतरणचिन्हं उघडली आणि तशीच मिटली, आत काही न लिहिता.
चाचण्या हिरव्या झाल्या. सातच्या सात.

ही युक्ती पुस्तकात आहे, नवव्या प्रकरणात.
आम्ही चौथ्यात होतो.

वर्गाच्या नावावर शेरा मारायला माझा हात गेला होता,
दोन शब्द असे चिकटवू नयेत म्हणून. राहिलं ते.

नऊ वाजता पार्किंगमध्ये होदान
ग्रंथालयाच्या कार्डानं काच खरवडत होती.
आयली तिच्या गाडीपाशी गेली, खरवडणी पुढे केली.
‘ही धर. नाही, उलटी.
दातेरी बाजू आधी.’