वरचं, खालचं

डेअरीतलं घड्याळ सहा-चाळीसवर थांबलंय,
कारण त्याचा सेल माझ्या मशीनमध्ये आहे.
मशीनला चार लागतात.
तीन मी माझ्या पैशानं आणले,
चौथा सेक्रेटरी इराण्णांनी खुर्चीवर चढून काढून दिला.
म्हणाले, "येळ काय, म्हशीलाबी कळतीया."

संखच्या रस्त्याला आमची वस्ती, तालुका जत.
आशाताई म्हणून दारोदार फिरले तेव्हा दारांना कड्या,
माणसं बेदाण्याच्या शेडवर, नाहीतर शेळ्यांमागं.
उपकेंद्रात सिस्टर यायच्या मंगळवारी,
आणि मंगळवारीच बाजार.
मग एकदा ध्यानात आलं,
किटली घेऊन इथं तर सगळेच येतात,
दोन वेळा, न बोलावता.

लिंबाखाली खुर्ची टाकली.
पाय जमिनीला, पाठ टेकून,
तंबाखू थुंकून या, बाही वर,
आणि पाच मिनिटं गप्प बसायचं.
सगळ्यात कडू औषध हेच.
दंडाला पट्टा आवळत असताना गंगव्वा
सुनेची अख्खी तक्रार सांगते,
आकडा चढतो,
मी पुन्हा मोजते.

"मला काय झालंय? डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई."

हेच तर.
दूध नासलं की वास येतो,
याला वास नाही.
मल्लाप्पा बिराजदारांना तरी कुठं आला होता?
पहाटे धार काढताना उजवा हात
आचळावरच थांबला.
जीप मिळेपर्यंत उजाडलं,
मिरजेला पोचेपर्यंत तोंड वाकडं झालं होतं.
आता ते कट्ट्यावर बसून
डाव्या हातानं माश्या मारतात.
एकही नेम लागत नाही.

त्यांची बायको भौरव्वा.
वरचं एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचं एकशे चार.
गोळी रोज घेतेस ना?
घेते की.
पदराची गाठ सोडून दाखवली,
प्रत्येक गोळी मधोमध मोडलेली.
"अर्धी त्यास्नी, अर्धी मला.
फुडल्या महिन्याची आली न्हाई तर?"

मागं दीड महिना आल्याच नव्हत्या, खोटं कशाला बोलू.
मी पट्टा गुंडाळत बसले,
उगाच, तीनदा.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात भांडले.
मला भांडता येत नाही, आवाज कापतो,
कापऱ्या आवाजातच भांडले.
ही वही बघा, ही नावं बघा,
दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या.
दिल्या. सगळ्यांच्या नाही,
एकोणतीस जणांच्या.
उरलेल्या अकरांची नावं मी येताना एसटीत
मनातल्या मनात म्हणत आले.

इराण्णा दुधाच्या चिठ्ठीवर लिहितात
लिटर, फॅट, डिग्री.
चिठ्ठीच्या पाठीमागं आता मी लिहिते
वरचं, खालचं, गोळी घेतली की नाही.
लोक दोन्ही बाजू वाचतात.
"म्हशीची फॅट सात, माझं बीपी एकशे साठ,
भाव कुणाला जास्ती?" गंगव्वा विचारते.
रांग हसते,
आणि मला पुन्हा मोजावं लागतं.

मिठाचं मात्र जमत नाही.
खर्ड्याशिवाय भाकरी मी तरी खाईन का?
चिमूटभर कमी करा म्हणते.
चिमूट कुणाची, विचारतात.
मल्लाप्पांना आता चिमूट धरताच येत नाही.

भौरव्वाचं वरचं काल एकशे शेहेचाळीस.
एवढ्यावर कुणी पेढे वाटत नाही.
तिनं चिठ्ठी घडी करून त्याच गाठीत बांधली,
किटली उचलली, चार पावलं गेली,
आणि वळून म्हणाली,
"घड्याळाला सेल आण गं बाई.
हितलं घड्याळ बघूनच
मी त्यास्नी गोळी देत हुते."