गोट्यांचं घर

ओंटारिओ सरोवराच्या दक्षिणेला, १८३८.
नांगर रोज गोट्यांवर खडखडायचा.
हायरम व्हॅनॉस्डॉलने पंधरा वर्षं
ते शिव्या देत बांधाला फेकले,
आणि एका सकाळी त्याच ढिगाकडे बघत म्हणाला,
घर बांधू.

लोव्हिनाच्या हातात लोखंडी कडं.
कड्यातून निघाला तो भिंतीचा,
अडला तो कुंपणाचा.
नऊ वर्षांची बोटं, ऑक्टोबर,
बैलगाडीभर सरोवराकाठचे ओले, तांबूस, करडे.

एलनॅथन गवंडी दिवसाला तीनच थर चढवी.
चुना आवळेपर्यंत पाइप ओढत बसे.
कोणी बघायला आलं, की थापी खाली;
हवापाण्याच्या गप्पा.

पण गोटे निवडणाऱ्या पोरीला कोण मोजतं?
तिने पाहिलं:
गोटा लांबट घ्यायचा,
बाहेर नुसतं डोकं,
बाकी अंग भिंतीच्या पोटात.

ती कुणाला बोलली नाही.

आता चुन्याचा भुगा गळतो.
डागडुजीला आलेल्याने
स्वयंपाकघराच्या दाराशी, कमरेइतक्या उंचीवर,
एक गोटा मोजला. दोनदा मोजला.
कड्यात न मावणारा.
थर तिथे जरासा वर उचलून
पुढे गेलाय.